डंकावरचा अबोला

"शिंकायचं असंल तर बाहेर जाऊन शिंका, चटणीत शिंकू नका," बाबालाल नदाफ ओरडला आणि स्वतःच आतल्या आत शिंकला.

वैशाखातली सकाळ होती. गडहिंग्लजच्या बाजारगल्लीत बाबालालमामाच्या डंकावर आम्ही बायका ओळीनं बसलो होतो. डंक म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं आपली आपण वर जातात, खालच्या उखळात आदळतात, आणि जी काही लाल धूळ उडते तिच्यात माणूस कितीही शहाणा असो, नाकाला पदर लावून रडतोच. आणि चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला वाढतात ती नव्हे बरं का. आमच्याकडं चटणी म्हणजे मिरची, मसाला, कांदा, लसूण घालून कुटलेली, एकदा करून वर्षभर पुरवायची ती. ती संपली की आमटीला चव राहत नाही आणि सासरच्या माणसांना बोलायला विषय मिळतो.

त्या वर्षी मी पहिल्यांदा खानावळीची चटणी करत होते. त्याआधी शेजारीपाजारी थोडी थोडी करून द्यायची, पण पोट त्याच्यावर नव्हतं. पोट होतं तंबाखूच्या वखारीवर. दिवसभर वखारीत बसून तंबाखूचा पाला निवडायचा आणि संध्याकाळी घरी येऊन खोकायचं. खोकला असा लागला होता की रात्री मी उठून बसायची. डॉक्टर म्हणाले, वखार सोडा. त्यांचं काय जातं सांगायला. सोडली तर चूल पेटवायची कशावर, ते काही त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही.

कॉलेजच्या मागं अनसूया तारळेकर काकूंची खानावळ होती. परगावचे मास्तर, बँकेतली माणसं, शिकणारी पोरं, सगळी तिथं जेवायची. मी हिय्या करून काकूंकडं गेले आणि म्हटलं, माझी चटणी घेऊन बघा. काकू म्हणाल्या, "आण. जमली तर वर्षभर तुझीच घेईन, आणि जेवणाऱ्यांना घरी न्यायला लागते तीही तुझीच. नाही जमली तर मात्र पुन्हा येऊ नकोस. मला कुणाला तोंडावर नाही म्हणायला आवडत नाही." एवढं सगळं त्या माझ्या तोंडावरच म्हणाल्या.

म्हणजे चटणी जमली तर माझी वखार सुटणार होती. नाही जमली तर तंबाखू आणि मी, आणि मधे खोकला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आभाळ आलं. मिरच्या आधीच वाळून कडक झाल्या होत्या, धने-तीळ-खोबरं भाजून झालं होतं. कांदा मात्र चिरून पसरला आणि ऊन पळालं. काकूंना तर सोमवारी देते म्हणून बोलून बसलेली. मी म्हटलं, उन्हानं नाही तर तव्यानं. तेलात घालून चांगला तांबूस होईपर्यंत परतला. दिसायला असा देखणा झाला की माझं मलाच कौतुक वाटलं. मिरची, मसाला, कांदा, लसूण, सगळं बांधून डंकावर आले, माझी पाळी आली, मुसळं माझ्या मिरचीवर पडायला लागली, आणि दारात शेवंताक्का उभी राहिली.

शेवंताक्का माझी थोरली जाऊ. घरं एकाच गल्लीत, मधे फक्त तीन दारं. पण आमचा अबोला होता. आजचा-कालचा नव्हे, चांगला मुरलेला.

झालं होतं असं. तिच्या पोरीचं, नंदाचं, लग्न ठरलं. आवतण द्यायचं तर घरी येऊन, उंबऱ्याच्या आत, बाईला हळदीकुंकू लावून द्यायचं असतं. आमच्या थोरल्या दिरांनी काय केलं, तर आमच्या मालकांना एस.टी. स्टँडवर गाठलं आणि म्हणाले, "लग्नाला या रे सगळी." झालं आवतण. मी म्हटलं, सख्ख्या चुलतीला स्टँडवरनं बोलावतात होय? गेले नाही. आक्काचं म्हणणं, सख्खी चुलती गल्लीत असून पोरीवर अक्षता टाकायला आली नाही, मांडवात लोक विचारत होते. दोघींचंही बरोबर होतं, त्यामुळं कुणी माघार घ्यायचा प्रश्नच नव्हता.

अबोल्याचेही नियम असतात. गल्लीत समोरासमोर आलो तर तिनं भिंतीकडं बघायचं आणि मी आभाळाकडं. संक्रांतीचा तिळगूळ पोरांच्या हातानं जायचा आणि पोरांच्याच हातानं यायचा. आजारपणात पेज पाठवायची, पण कुणी पाठवली ते सांगायचं नाही. आणि अगदीच काही बोलायचं झालं तर ते तिसऱ्या माणसाला सांगायचं, जरा मोठ्यानं.

त्या दिवशी तिसरा माणूस बाबालालमामा होता.

"या थोरल्या वैनी, बसा," तो म्हणाला. "मालनवैनींचं चाललंय, मग तुमचं घेतो. त्यांचं काम मोठं हाय या टायमाला. तारळेकर काकूंच्या खानावळीची चटणी हाय."

"मला काय घाई न्हाई," आक्का त्याला म्हणाली. "मोठ्या माणसांची मोठी कामं आधी होऊ द्यात."

"मामा," मी म्हटलं, "कुणाला आधी कुटून घ्यायचं असंल तर घ्या म्हणावं. मी थांबती."

"मी तर म्हणतो तुम्ही दोघी बी जरा गप्प बसा," बाबालालमामा म्हणाला. "मुसळाचा आवाज काय कमी हाय?"

ओळीतल्या बायका पदराआड हसल्या. आक्का खाली बसली, ती नेमकी माझ्या कांद्याच्या ताटाजवळ. मी उखळापाशी मिरची सारखी करत होते, पण डोळा तिच्यावर होता. ती कांद्याकडं बघत होती. मग तिनं हळूच मूठभर कांदा उचलला, मुठीत आवळला, तळहात नाकाशी नेला आणि कांदा परत ठेवून दिला. मला वाटलं, जळती आहे. एवढ्या मोठ्या खानावळीची चटणी धाकट्या जावेच्या हातात, जळणारच. मला फार बरं वाटलं, खोटं का सांगू.

मिरची झाली, मसाला झाला, शेवटी कांदा-लसूण पडला आणि चटणी मिळून आली. रंग असा उतरला होता की बाबालालमामानं सुद्धा मान हलवली. डंकावरची चटणी गरम असते. ती लगेच बंद करायची नसते, डबा उघडा ठेवून निवू द्यायची. मी माझा डबा भिंतीकडेला ठेवला. मग आक्काची चटणी कुटली. तिनंही तिचा डबा निवायला माझ्या डब्याशेजारीच ठेवला. डबे दोन्ही सारखेच होते. सासूबाईंनी हौसेनं जोडीनं घेतलेले, दोन्हींवर 'द्वारकाबाई रेडेकर' असं नाव घातलेलं. घर वाटलं तेव्हा एक तिला गेला, एक मला.

घशात नुसता जाळ झाला होता. मी बाहेर नळावर गेले, तोंड धुतलं, पोटभर पाणी प्यायले, जरा खोकून घेतलं. परत आले तर आक्का गेली होती. भिंतीशी एक डबा होता, झाकण घट्ट लावलेला.

"थोरल्या वैनींनी तुमचं झाकण पण लावून ठेवलंय बघा," बाबालालमामा म्हणाला. "माणूस वाईट न्हाई."

"झाकण लावायला काय लागतंय," मी म्हटलं, आणि डबा डोक्यावर घेऊन घरी आले.

आता तुम्ही विचाराल, घरी आल्यावर चाखून बघितली नाहीस? अहो, डंकावरून आलेल्या बाईच्या जिभेला दुसऱ्या दिवसापर्यंत चटणी काय आणि माती काय, सारखीच लागते. मी झाकण काढून चटणी पुरती निवू दिली, वजन करून पिशव्या भरल्या आणि सोमवारी सकाळी काकूंना पोचवल्या. काकूंनी पिशवी उघडली, वास घेतला आणि पिशव्या आत नेऊन ठेवल्या.

आठवडाभर माझं कशात लक्ष नव्हतं. वखारीत पाला निवडताना सुद्धा कान दाराकडं. मग एक दिवस निरोप आला, दुपारची पंगत उठल्यावर येऊन जा.

मी गेले. काकूंनी पाट मांडला, ताट वाढलं. भात आणि वर आमटी.

"काकू, मी जेवून आलेय."

"मग परत जेव."

मी घास घेतला. घास तोंडात गेला आणि मी तिथंच थांबले. आधी लसूण लागला, मग खोबऱ्याचा गोडवा, तिखट अगदी मागून आलं, आणि शेवटी लवंगेची किंचित ऊब राहिली. माझ्या चटणीचं तिखट दारातनंच हाका मारत येतं, ते मला ठाऊक आहे. ही माझी चटणी नव्हती. ही सासूबाईंच्या हातची चव होती. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली होती, पण मी नवी नवरी म्हणून घरात आले तेव्हा पहिल्या दिवशी ताटात जी आमटी वाढली होती ती ही. त्यांच्या हाताखाली चटणी केली ती थोरल्या सुनेनं. मी आले तोवर सासूबाईंचे हात थरथरायला लागले होते, आणि मी पडले तिखट तोंडाची, शिकवलेलं ऐकून घेणाऱ्यातली नव्हेच.

काकू समोर बसल्या होत्या. "इतकी वर्षं चटण्या पालथ्या घातल्या मी," त्या म्हणाल्या. "आमचे एक मास्तर आहेत, ताटात कधी काही ठेवत नाहीत आणि कधी काही चांगलंही म्हणत नाहीत. ते काल विचारत होते, स्वयंपाकाला बाई बदलली का. हीच चटणी पाहिजे मला. वर्षभर. आणि हे बघ मालन, अगदी हीच. जरा इकडंतिकडं झाली तर मला कळेल."

ज्या शब्दांसाठी मी आठवडाभर देव पाण्यात घातले होते, ते शब्द आले, पण दुसरीच्याच चटणीसाठी.

"काकू, मी दोन दिवसांनी सांगते," मी म्हटलं.

"सांगायचं काय आहे त्यात? लोक माझ्या दारात चकरा मारतात, आणि तू विचार करून सांगणार?"

ताटातलं सगळं संपवलं आणि उठले. चव इतकी चांगली होती की काळजीतसुद्धा बोटं चाटली गेली.

घरी येऊन डबा उलटा करून पाहिला. माझ्या डब्याच्या बुडाला पोचा होता, आमच्या पोरीनं पायरीवरनं घरंगळत सोडला होता तेव्हाचा. ह्या डब्याचं बूड साफ होतं. मग काय राहिलं कळायचं? मालक खाटेवर बसून सगळं बघत होते.

"मग जा आणि वैनीला सांग," ते म्हणाले. "डबे बदलले म्हणावं. का मी सांगू?"

"नको," मी म्हटलं. "तुम्ही भाऊ-भाऊ स्टँडवर सांगाल."

ते खाटेवर आडवे झाले.

मी खूप विचार केला. न सांगता घरी बसावं आणि खटपट करून तशी चटणी जमवावी, हेही मनात आलं. पण जमणार नव्हती, ते मला माहीत होतं. आणि आक्काच्या घरात तर माझी चटणी होती. ती कधीही गल्लीत उभी राहून म्हणू शकली असती की माझी चटणी हिनं आपली म्हणून विकली. तोंड दाखवायला जागा उरली नसती. मग उठले. डबा घासूनपुसून घेतला. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, मग अबोला असला तरी, म्हणून त्यात गुळाचा मोठा खडा टाकला. आणि ती तीन दारं ओलांडली. जाताना गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका काही ना काही निमित्तानं बाहेर आल्या होत्या.

आक्काच्या अंगणात आधी नंदा दिसली. तिच्या लग्नावरनं एवढं सगळं झालं ती नंदा, आता दिवस भरत आल्यामुळं माहेरी आली होती. कट्ट्यावर पाठीला उशी घेऊन लसूण सोलत बसली होती.

"काकी, ये की," ती म्हणाली, जशी मी रोज येत होते.

आक्का अंगणाच्या मधे उकिडवी बसली होती. समोर जुनं धुतलेलं लुगडं पसरलेलं, त्यावर चटणी पातळ पसरलेली, आणि ती बोटांनी हलवत होती. काय पसरलंय ते मी लगेच ओळखलं. माझी चटणी. तिनं मान वर केली नाही.

"नंदा," मी म्हटलं, "आईला सांग, डंकावर डबे बदलले गेले म्हणून."

नंदानं आईकडं बघितलं. आई एवढ्या जवळ होती की हात लांब केला असता तर लागला असता. "आई, काकी म्हणती..."

"आलं ऐकू," आक्का चटणीकडं बघत म्हणाली. "सांग तिला, आपोआप न्हाईत बदलले. मी बदलले."

माझ्या डोक्यात सणक गेली. डबा मी कट्ट्यावर आपटलाच. "विचार तुझ्या आईला, तिला खानावळ पायजे होती काय? मग सरळ जायचं होतं काकूंकडं. माझ्या हातातनं कशाला काढून घ्यायची?"

"आई, काकी विचारती..."

"न्हाई पायजे म्हणावं."

"मग कशासाठी केलं, विचार."

आक्कानं लुगड्यावरची चिमूटभर चटणी घेतली आणि नंदाच्या तळहातावर ठेवली. "हे दे तिला. वास घ्यायला सांग. नुसतं नाकाजवळ न्हाई, चोळून."

मी चोळून वास घेतला. आधी मिरची आली, मग मसाला. मग त्यांच्या खालून एक कुबट वास आला, पावसाळ्यात कोपऱ्यात राहिलेल्या पोत्यासारखा. मी परत चोळलं. परत तोच.

"कांदा," आक्का म्हणाली. आता ती नंदाला सांगत होती का मला, ते कळेना. "वरनं परतला, आतनं ओला तसाच. वाळलेला कांदा मुठीत आवळला की वाजला पायजे. हिचा डंकावर वाजला न्हाई. गप्प बसला मुठीत. मी रोज उन्हात घालती, संध्याकाळी कढईत परतती, तरी वास पुरता जाईना झालाय. आणि ही बिनउन्हाची, पिशव्या बांधून खानावळीत गेली असती. पंधरा दिवसांत बुरशी. काकूंनी अख्ख्या पंगतीसमोर उकिरड्यावर फेकली असती."

मी तिथंच मातीत बसले. काकूंचं तोंड डोळ्यांसमोर आलं, वखारीचं दार आलं. मी किती थोडक्यात वाचले होते ते मला आता कळत होतं, आणि कुणामुळं वाचले तेही. पण माझा स्वभाव असा की उपकार झाले की मला आधी राग येतो.

"मग डंकावरच का न्हाई सांगितलंस?" मी म्हटलं. नंदाला नव्हे, सरळ तिला. "मी समोर तर होते."

आक्कानं मान वर केली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं समोरून बघितलं नव्हतं. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते, ते मला त्या दिवशी दिसलं.

"कसं सांगू?" ती म्हणाली. "बोलत होतीस का माझ्याशी?"

नंदाला हसू फुटलं. पोटावर हात ठेवून तिनं तोंड दुसरीकडं केलं. मला काही हसू आलं नाही.

"बाबालालमामाला सांगायचं होतंस. त्यानं मला सांगितलं असतं."

"एवढ्या बायका बसल्या होत्या तिथं," आक्का म्हणाली. "बोंबलून सांगू, मालन रेडेकरीण ओल्या कांद्याची चटणी विकती म्हणून? पुन्हा गावात कुणी घेतली असती तुझ्याकडनं? तुझा खोकला ऐकू येतोय मला रोज रात्री. तीन दारं पलीकडं ऐकू येतोय. वखारीत जाऊन जाऊन मरशील एक दिवस. म्हटलं, हिची चटणी जाऊ दे, हिचं नाव ऱ्हाऊ दे. सांगायचा दुसरा मार्ग कुठं ठेवला होतास तू?"

मी तोंडाला पदर लावला आणि रडले. आणि रडता रडताच म्हटलं, "मार्ग मी न्हाई ठेवला? स्टँडवर आवतण कुणी दिलं?"

"अगं, मी यांना सांगितलं होतं घरी जाऊन द्या म्हणून. मी मांडवाच्या गडबडीत. मला काय ठाऊक, हे बाबा स्टँडवरच उरकून येतील?"

"मग तू स्वतः यायचं होतंस."

"आणि तू एक दिवस मान खाली घालून आली असतीस तर काय झिजली असतीस? पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला तिची काकी न्हाई. मी मांडवात काय काय ऐकलं, ठाऊक हाय?"

"मी घरात काय काय ऐकलं ते तुला ठाऊक हाय?"

मग आम्ही भांडलो. मनात जे जे साठलं होतं ते सगळं काढलं. बारशाचं, पेजेचं, विहिरीवरच्या दोरीचं, सासूबाईंच्या नथीचं. अबोल्यात माणूस किती काय काय सांभाळून ठेवतं, ते बाहेर काढल्यावरच कळतं. नंदानं मधे उठून चहा केला, तो ओट्यावर निवला, तिनं परत गरम केला. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांना वाटत होतं आता हिच्या झिंज्या तिच्या हातात येतात. आणि मला आतून इतकं हलकं वाटत होतं की कुणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, मला घरी जायचंच नाही.

शेवटी दोघींचाही घसा बसला. मी म्हटलं, "आक्का, काकूंना तुझी चटणी पायजे. तीच पायजे. मी उद्या जाऊन सांगते, ती माझी न्हाई, तुझी हाय. वर्षभराचं काम तुझं."

"आणि मी काय करू? या गुडघ्यांनी कॉलेजच्या मागं पिशव्या पोचवू?" आक्का म्हणाली. "मिरच्या तू आण. देठ तू खुड. कांदा तू चीर. मी बसून सांगीन. पण मी सांगीन तेव्हाच डंकावर न्यायचं. तुझी घाई माझ्या उंबऱ्याच्या आत चालायची न्हाई."

"आणि काकू?"

"काकूंना खरं ते सांग. त्यांना चव पायजे, कुणाचा हात हाय ते नकोय."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी मी काकूंना सगळं सांगितलं, ओल्या कांद्यासकट. काकू म्हणाल्या, दोघी करा नाहीतर दहा जणी करा, मला काय. पावसाळा लागायच्या आत मी वखार सोडली. खोकला जायला पुढचा उन्हाळा यावा लागला, पण गेला. आज आमच्या चटणीला आठ बायका देठ खुडायला बसतात, कॉलेजातली पोरं शिकून परगावी गेली तरी आयांना घेऊन येतात, आणि आक्का अजून खुर्चीत बसून प्रत्येकीच्या कांद्याची मूठ आवळून बघते. माझी तर दोनदा बघते.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी चहा पिऊन होतो न होतो तोच वारं सुटलं. उन्हाळ्यातलं ते वारं, आलं की अंगणातला पाचोळा आधी गोल फिरायला लागतो. लुगड्याची कड उचलली गेली आणि चटणीची लाल धूळ नंदाच्या दिशेनं निघाली.

"उठ, उठ," आक्का गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली. "नंदाला वाकता येत न्हाई. तिकडची टोकं धर."

मी दोन टोकं धरली, तिनं दोन धरली. चटणी मधे गोळा झाली आणि आम्ही लुगडं उचललं. मी नेहमीच्या सवयीनं जोरात ओढलं.

"हळू," आक्का म्हणाली. "तुझीच हाय ती."